गरज नसलेलं गाव

प्रतिभाला सावरझरी मिळालं ते भांडून. मिळालं नसतं तर फार बरं झालं असतं, हे आज ती स्वतःच कबूल करते. पण तेव्हा तिला कोण सांगणार? आदिलाबादच्या मराठी शाळेत पंधरा वर्षं मुलांना गप्प बसवणाऱ्या बाईला गप्प बसवणं सोपं नसतं.

त्याचं असं झालं. पैनगंगेच्या अलीकडच्या, तेलंगणाच्या काठानं जी मराठी गावं आहेत, त्यांतल्या बारा गावांची पाहणी निघाली. गावातल्या माणसांना पोटापाण्यासाठी नेमकं काय कमी पडतं ते शोधायचं, त्यावरून गावांचा क्रम लावायचा आणि ज्यांची गरज सगळ्यांत मोठी त्या तीन गावांना तुरीची छोटी डाळ मिल द्यायची. सोबत शेड, वीज आणि मिल चालवायला बायांच्या संघाला शिकवणी. काम हैदराबादच्या एका संस्थेकडं होतं, पण दारोदार फिरून फॉर्म भरायला नेहमीप्रमाणे मास्तर धरले. माणसं मोजायची असोत की कोंबड्या, सरकारी कामाला पहिल्यांदा मास्तरच आठवतो.

संस्थेकडून आलेला राजकुमार हा समजूतदार गडी होता. त्यानं यादी वाचताना प्रतिभाला नेरडीगोंड्याकडच्या एका गुरुजींच्या जोडीनं दुसरंच गाव दिलं. प्रतिभा उभी राहिली.

“सावरझरी मला द्या. माझं माहेर आहे ते.”

“इसी लिए तो नहीं दिया, मॅडम,” राजकुमार हसून म्हणाला. “अपने गाँव का फॉर्म अपन खुद नहीं भरते. रूल है.”

“रूल चुकीचा आहे. परक्या माणसाला गाव खरं सांगत नाही. तुम्ही चार दिवस जाऊन बसा, तुम्हाला चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही. मला मिळेल.”

हे तिनं इतक्या ठसक्यात सांगितलं की बाकीच्या मास्तरांनी माना डोलावल्या. राजकुमारनं जरा विचार केला, पेन फिरवलं आणि सावरझरीपुढं तिचं नाव लिहिलं. नेरडीगोंड्याच्या गुरुजींना ते दुसरं गाव एकट्यालाच मिळालं.

तिला एवढी घाई होती त्याला कारण होतं, आणि कारणाचं नाव नागेश. नागेश तिचा धाकटा भाऊ. आदिलाबादच्या एका डाळ मिलमध्ये त्यानं आठ वर्षं काढली होती. चक्की बिघडली की बाकीचे झाकण उघडायचे, नागेश नुसता आवाज ऐकून सांगायचा, पट्टा सैल झालाय का दगड घासलाय. मालकानं मिल बंद करून जागा विकली, तेव्हा नागेश बायकोला घेऊन सावरझरीला परतला. घरचं शेत नव्हतं. बाप रामाजी हयातभर दुसऱ्याच्या शेतात राबून गेला होता, आणि आता नागेशही मिळेल ते काम करत होता. हैदराबादला एका मोठ्या इमारतीत राखणदाराची जागा होती. राहायला खोली, बायकोला चार घरची कामं. त्यानं होकार दिला नव्हता. फोनवर प्रतिभाला म्हणाला होता, “ताई, मिल आली आपल्या गावात तं मी कोठी जात नाई. माय एकटी पडते इथं. मिल नाई आली तं मंग पाहू.”

तेव्हा मिल आणायची, हे प्रतिभानं मनाशी पक्कं केलं होतं. आणि त्यात खोटं काहीच लिहावं लागणार नव्हतं. सावरझरीत होतं काय? चाळीस उंबऱ्यांचं गाव. बस फाट्यापर्यंतच, पुढं चार किलोमीटर पायी. कापूस आणि ज्वारी, थोडी तूर. खरं तेवढं लिहिलं असतं तरी मिल चालत आली असती.

जानेवारीतल्या एका सकाळी ती स्कूटीवरून गावात शिरली. गल्ली झाडलेली होती, सडे पडले होते. शेतकरी घरातली जयवंताबाई, बायांच्या संघाची पुढारीण, दारातच उभी होती.

“ये वं माय, ये. गावची लेक आली!”

जयवंताबाईच्या ओसरीवर खुर्ची मांडलेली होती आणि खुर्चीवर धुतलेली चादर. प्रतिभा बसली खरी, पण क्षणभर तिला आपले पाय कुठं ठेवावेत ते कळेना. ती लहान होती तेव्हा तिची माय, पंचफुला, याच घरी कामाला यायची. चहा मिळायचा तो खाली अंगणात. कप वेगळा होता, कान तुटलेला, गोठ्याच्या खांबाला अडकवलेला. पिऊन झाला की आपला आपण विसळून परत अडकवायचा. तेव्हा जयवंताबाईची सासू होती आणि यात काही वावगं आहे असं त्या घरात कुणाला वाटत नसे. पंचफुलाला काय वाटत असेल ते तिनं कधी सांगितलं नाही. आणि आज त्याच ओसरीवर नव्या कपबशीत चहा आला, बशीत बिस्किटं आली, आणि जयवंताबाई स्वतः समोर खाली बसली. प्रतिभानं कपाच्या कानावरून एकदा बोट फिरवलं. हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही, पण पुढचं सगळं बिघडायला इथूनच सुरुवात झाली.

आता आमच्याकडं लेकीची एक रीत आहे. माहेरी आलेल्या लेकीला घरातलं उणं सांगायचं नाही. भांडण सांगायचं नाही, आजार सांगायचा नाही, डब्यात पीठ नाही हे तर मुळीच नाही. शेजारून उसनं आणा पण तिच्या ताटात वाढा. ती दोन दिवसांची पाहुणी, जाताना जिवाला घोर लावून घेऊन जायला नको. ही रीत काही एका जातीची किंवा एका घराची नाही, सगळ्या गावाची आहे. प्रतिभाला ती माहीत नव्हती असंही नाही. तिला वाटलं, हातात फॉर्म असला की रीत बाजूला बसते.

फॉर्म तेलुगूत होता. ती मनात वाचायची आणि मराठीत विचारायची.

“काकू, घरातलं कोणी कामासाठी बाहेरगावी जातं का?”

“बाहेर कायले जाते? पोरं गेली हायेत जरा पाव्हणपणाले.”

“दोघंही?”

“हौ ना. लगनसराई हाय तिकडं.”

गल्लीत येताना प्रतिभाला पाच दारांना कुलपं दिसली होती. पाचही घरांत एकदम लग्नं निघाली असावीत.

“पाण्याचं कसं आहे?”

“पान्याले काय तोटा? नदी हाय.”

नदी होती. ती अर्ध्या कोसावर होती, आणि जानेवारीत तिच्या पात्रात झरे खणावे लागायचे. तरी प्रतिभानं ‘पुरेसे’ या चौकटीत खूण केली. तिचा हात थांबला नाही असं नाही, थांबला. पण समोर जयवंताबाई अशा कौतुकानं फॉर्मकडं पाहत होती की खोदून विचारायचं म्हणजे भरल्या ताटावर बसून यजमानाला ‘मीठ कुठून उसनं आणलं’ विचारण्यासारखं झालं असतं.

“आणि तूर? डाळ करायची काही सोय हवी असं वाटतं का? मिल वगैरे?” प्रतिभानं मुद्दाम उत्तर तोंडात घालून पाहिलं.

जयवंताबाई हसली. “आली तं चांगलंच हाय. नाई आली तरी आपलं काही अडत नाई. तू आमची कायजी नको करू.”

दुपारी जेवण तिथंच. गरम भाकरी, वांग्याची भाजी, डाळ. “घरची डाळ हाय वं,” जयवंताबाई वाढताना म्हणाली, “जात्यावर भरडलेली.” तूर याच गावात पिकते, पोत्यानं पिकते. ती जशीच्या तशी आदिलाबादच्या व्यापाऱ्याकडं जाते आणि डाळ होऊन, पिशवीत बंद होऊन फाट्यावरच्या दुकानात परत येते. चुलीमागं अशा पिशवीचा कापलेला निळा कोपरा पडला होता. प्रतिभानं तो पाहिला. मग डाळीचा घास घेतला आणि म्हणाली, “हो, चव कळतेच की.”

म्हातारा देवाजी ठार बहिरा, पण त्यानंही ओरडून सांगितलं की मुलगा नोकरीला लागलाय. कसल्या, ते त्याला ऐकू आलं नाही. एका घरी सून आजारी दिसत होती. सासू म्हणाली, झोपली आहे जरा, काल जागरण झालं. प्रत्येक घरात चहा झाला, आणि काही घरांत चहा होईपर्यंत दूध मागच्या दारानं आल्याचं प्रतिभाला भांड्यांच्या आवाजावरून कळलं. दूध तिनं मोजलं नाही, पण एवढ्या चहांना लागणारं दूध त्या गावात नव्हतं हे तिला पक्कं माहीत होतं.

शेवटी ती स्वतःच्या घरी गेली. माय, म्हणजे पंचफुला, पाटावर बसून तूर निवडत होती. नागेशची बायको रुपा चुलीपाशी भाकरी थापत होती.

“नागेश कुठं आहे?”

“सासरवाडीले गेला,” माय म्हणाली.

रुपाचा हात भाकरीवर एकदा थबकला आणि परत चालू झाला. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत नवरा एकटा सासरवाडीला जातो आणि बायको घरी भाकरी थापते, असली सासरवाडी प्रतिभानं जन्मात पाहिली नव्हती. पण तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मायला सांगावं लागलं असतं, आणि मायला सांगायला लावणं तिच्यानं झालं नाही.

“माय, तुला काही हवं आहे का? म्हणजे फॉर्ममध्ये लिहायला.”

“मले काय लागते या वयात? समदं हाय. तू जेवली का पोटभर?”

दुसऱ्या दिवशी उरलेली घरं झाली. संध्याकाळ व्हायच्या आत ती पुन्हा जयवंताबाईच्या ओसरीवर बसली. शेवटचं पान उरलं होतं. त्यावर एक मोठी मोकळी चौकट होती: गाव पाहून भरणाऱ्याला स्वतःला काय वाटलं, ते स्वतःच्या शब्दांत. या चौकटीसाठी कुणालाच काही विचारायचं नव्हतं. ही चौकट तिची एकटीची होती. कुलपं, झरे, निळा कोपरा, दूध, सासरवाडी, सगळं इथं मावलं असतं.

पण ओसरीवर दहा-बारा बाया जमल्या होत्या. मायही येऊन एका बाजूला बसली होती, ओसरीवर, वर. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. जयवंताबाईनंच तिला हाताला धरून वर घेतलं होतं.

“काय लिवतं वं आमच्याबद्दल?” जयवंताबाईनं विचारलं. “वाचून दाखवजो.”

सगळ्या बायांनी मान पुढं काढली. प्रतिभानं एकदा मायकडं पाहिलं. माय पदर सावरून ताठ बसली होती, आपल्या पोरीचं अक्षर लांबूनच पाहत. आणि प्रतिभानं लिहिलं, आणि वाचून दाखवलं: “गाव स्वच्छ, कष्टाळू आणि समाधानी आहे. माणसं स्वावलंबी आहेत. कशाचीही कमतरता दिसली नाही.”

बायांचे चेहरे असे फुलले की काय सांगावं. जयवंताबाईनं डोळ्यांना पदर लावला. प्रतिभानं खाली सही केली. जाताना प्रत्येक घरातून काहीबाही आलं, कुणी वांगी दिली, कुणी ज्वारी, आणि स्कूटीवर पायाशी पिशवी ठेवायला जागा उरली नाही. मिलचं काय, हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. फाट्यापर्यंत येता येता आला. पण तिनं स्वतःची समजूत घातली: एका चौकटीनं काय होतंय, रस्ता नाही हे तर कागदावर आहेच, मोठी माणसं बघतील सगळं नीट. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत फार छान घालता येते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणी सगळ्या मास्तरांना निकाल सांगायला बोलावलं. राजकुमारनं भिंतीवर बारा गावांची यादी लावली. वर, सगळ्यांत गरजू म्हणून पहिलं नाव होतं ते नेरडीगोंड्याच्या गुरुजींनी केलेलं गाव. परके गुरुजी, सरकारी माणूस म्हटल्यावर त्या गावानं त्यांच्यापुढं दोन दिवस मन मोकळं केलं होतं. बायांनी रिकामे डबे उघडून दाखवले, म्हाताऱ्यांनी पायाच्या भेगा दाखवल्या. गुरुजी सांगत होते, एका घरी तर मलाच रडू आलं.

प्रतिभा वरून खाली वाचत गेली. तिसरं, पाचवं, आठवं. सावरझरी सगळ्यांत शेवटी होतं. बारावं.

राजकुमार खुशीत तिच्याकडं वळला. “मुबारक हो, मॅडम! आपका गाँव तो सबसे आगे निकला. ऐसा गाँव हमने पूरे ज़िले में नहीं देखा.”

खोलीत दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या प्रतिभाला आजही ऐकू येतात.

“हे चूक आहे,” ती म्हणाली. “सर, हे सगळं चूक आहे. तिथं काही नाही. पोरं नदीपलीकडं मजुरीला जातात. डाळ विकत आणतात. पाणी...”

राजकुमारनं गठ्ठ्यातून सावरझरीचे फॉर्म काढले. त्यानं चिडून काढले नाहीत, हेच वाईट. त्यानं एकेक पान तिच्यासमोर उलटलं. तिचीच अक्षरं, तिच्याच खुणा. शेवटी ती चौकट आली.

“ये भी आप ही ने लिखा है ना?”

सहीवर तिनं बोट ठेवलं आणि मान हलवली.

“नाम ऊपर जा चुके, मॅडम. अब तीन साल बाद दोबारा सर्वे होगा.” मग आवाज उतरवून म्हणाला, “मैंने रूल बोला था आपको.”

बाहेर आल्यावर तिनं पहिला फोन राजकुमारच्या वरिष्ठांना लावला, दुसरा आणखी कुणाला. सगळे गोड बोलले. कागद म्हणतोय की गावाला गरज नाही, आणि कागदावर सही बाईंची. बाईंच्या सहीविरुद्ध बाईंचंच कसं ऐकायचं?

रविवारी ती सावरझरीला गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि निकाल गावाला कळलाही नव्हता. ती गेली नसती तर कदाचित तीन वर्षं कुणी विचारलंही नसतं. एवढं मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवं, की ती गेली. ओसरीवर खुर्ची मांडली गेली तशी ती म्हणाली, “खुर्ची नको, काकू,” आणि खालीच बसली. बाया जमल्या. तिनं सगळं सांगितलं. बारावा नंबर सांगितला, मिल कुठल्या गावाला गेली ते सांगितलं.

मग एका बाईनं विचारलं, “त्या गावानं काय सांगतलं असं?”

“खरं सांगितलं,” प्रतिभा म्हणाली आणि मग तिचा तोल गेला. “तुम्ही मला काऊन नाही सांगितलं? मी तुमच्यातली होते ना? पोरं पाहुणपणाला गेली म्हणे! डाळ जात्यावरची म्हणे!”

रागाच्या भरात तिच्या तोंडून इतक्या वर्षांनी गावची बोली आली. जयवंताबाई शांतपणे ऐकत होती.

“लेकीले कोण सांगते वं घरातलं उणं?” ती म्हणाली. “तू सांगतं का तुह्या मायले सासरचं समदं?”

तिच्या सासरी काय चालतं, नवऱ्याची आणि तिची गेल्या वर्षापासून काय बोलाचाली आहे, हे मायला काडीचंही ठाऊक नव्हतं.

“आमी नाई सांगतलं, ते आमचं चुकलं,” जयवंताबाई पुढं म्हणाली. “पन बाई, तुले तं दिसत होतं ना? तू काई परदेशातून नाई आली. तुह्या मायच्या कंबरेवर पान्याची घागर पाहूनच तू मोठी झाली. आमचं तोंड बंद होतं, तुहे डोये तं उघडे होते.”

“होते,” प्रतिभा म्हणाली. “मला सगळं दिसलं. त्या शेवटच्या चौकटीत मी लिहू शकत होते. मला...” तिला रडू फुटलं. “तुम्ही मला वर बसवलं, काकू. मायला वर बसवलं. मला नाही लिहवलं.”

जयवंताबाईचा चेहरा उतरला. तिला कान तुटलेला कप आठवला असावा. ती थोड्या वेळानं उठली, आत गेली, चहा टाकून आली आणि प्रतिभाच्या शेजारी जमिनीवर बसली. तिचा आवाज आता राग गेलेल्या माणसाचा होता आणि म्हणून जास्तच लागणारा.

“झालं ते झालं. तू रडू नको. तू येत जाजो, चोळी-बांगडीले येत जाजो, तुह्यं घर हाय. पन पुढच्या बारीले ते फारम घेऊन परकं मानूस पाठवजो. ज्याले आमी वळखत नाई असं.”

बायांनी माना हलवल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. तिला घरातलीच मानून त्यांनी तिला या कामातून वगळलं होतं, आणि यावर तिला कुणाशी भांडताही येत नव्हतं.

नागेशनं दुसऱ्याच दिवशी हैदराबादला होकार कळवला. जायच्या सकाळी प्रतिभानं शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि फाट्यावर पोहोचली. नागेश, रुपा आणि माय चालत आले. दोन गाठोडी होती, एक पत्र्याची पेटी. नागेशनं पेटी खाली ठेवली आणि रुमालानं मान पुसली. प्रतिभानं आदल्या आठवड्यातच फोनवर त्याची माफी मागितली होती. तो म्हणाला होता, जाऊ दे ताई. आता समोरासमोर तिनं पुन्हा विषय काढला.

“त्या दिवशी तू घरी असतास तर सांगितलं असतंस ना रे मला?”

नागेशनं मायकडं पाहिलं. माय रुपाच्या गाठोड्याची गाठ पुन्हा बांधत होती.

“मी नदीपल्याड कापूस येचत होतो, ताई. माय म्हने, प्रतिभा येऊन राह्यली, तिनं तुले असं मजुरीले जातानी पाह्यलं तं तिच्या जिवाले लागन. तवा उजाडायच्या आंदीच निंग.” तो जरा हसला. “मी निंगलो. चार दिवस तिकडंच राह्यलो.”

म्हणजे गावात ज्या एका माणसाला मिल हवी होती, जो तिला हाताला धरून खरं सांगणार होता, त्याला मायनं अंधारातच घराबाहेर काढलं होतं. तिच्यासाठी. बस आली. नागेश चढला, पेटी वर चढवली, रुपानं खिडकीतून हात हलवला. वळणावर बस दिसेनाशी झाली तरी माय तिथंच उभी.

दोघी गावाकडं चालू लागल्या. स्कूटी असूनही प्रतिभानं ती हातानं ढकलत नेली, कारण मायला स्कूटीवर बसवत नसे. ऊन चढू लागलं होतं. बाजूच्या रानात कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती.

“माझ्याकडं चल आदिलाबादला,” प्रतिभा म्हणाली.

“घर कोन पाहीन?”

“कुलूप लाव.”

“पाच कुलपं झाली गावात. सहावं मीच लावू का?”

प्रतिभानं स्कूटी थांबवली. तिला वाटलं, आता विचारलं नाही तर परत कधी विचारता येणार नाही. फॉर्म नव्हता, बाया नव्हत्या, ओसरी नव्हती. “माय, खरं सांग. तुला काय लागतं? मी काय करू?”

पंचफुलानं लगेच ‘समदं हाय’ म्हटलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला, रस्त्याकडं पाहिलं, आणि खरोखरच विचार केला. किती वर्षांनी कुणी विचारल्यावर ती विचार करत होती कोण जाणे.

“मले काई मोठं नाई लागत,” ती म्हणाली. “दिवसातून एकडाव कोनी ‘माय’ म्हनून हाक मारली पायजे. नागेश मारत होता, बाहेरून आला की. घर भरून जाये.” मग एकदम घाईनं, जणू चोरी पकडली गेल्यासारखी, “पन तू मनाले लावून नको घेऊ. असंच म्हटलं म्या.”

लेकीला न सांगायचं ते तिनं आज सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर ती लाजली होती.

“माय,” प्रतिभानं तिथंच, रस्त्यात हाक मारली.

“ओ,” माय म्हणाली.

मग दोघी पुढं चालू लागल्या. दुपारची शाळा गाठायची होती, म्हणून प्रतिभाला घरात शिरल्या पावली परत निघावं लागलं.